दोनच्या आत

मित्रांनो, आज मी आपणांपुढे माझ्या जीवनाचा वृत्तांत ठेवणार आहे. माझा जन्म कोठे झाला, मी कोणाच्या उपयोगी पडले, एका शब्दाच्या गैरसमजामुळे माझ्या पोटातील सर्व विद्या एका सकाळी नाहीशी झाल्यासारखी कशी वाटली आणि पुढे तिचे काय झाले, हे सर्व मी आरंभापासून क्रमाने निवेदन करीन. यात पदरचे काही घातलेले नाही. आपण शांत चित्ताने ऐकावे, ही नम्र विनंती.

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे.

संगणकात जे जे साठवले जाते, ते माझ्यासारख्या डिस्कांच्या पोटात राहते. माझा आकार एखाद्या जाड पुस्तकाएवढा आहे. बाहेरून मी लोखंडाची पेटी दिसते. आत मात्र आरशासारख्या चकचकीत तबकड्या आहेत. त्या एका मिनिटात पाच हजारांहून अधिक फेरे घेतात आणि त्यांच्यावरून एक बारीक सुई, तबकडीला स्पर्श न करता, लिहिते व वाचते. माझा जन्म दूरच्या एका देशातील कारखान्यात झाला. तेथील कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात असत, कारण धुळीचा एक कण आत शिरला तरी आमचा नाश होतो. त्यांचे चेहरे मी पाहिले नाहीत. पुढे मला चंदेरी पिशवीत बंद केले, माझ्या कपाळावर 'तीन टेराबाइट' अशी चिठ्ठी लावली आणि मी प्रवासाला निघाले. टेराबाइटला बोलताना सर्वजण नुसते टेरा म्हणतात. एक टेरा म्हणजे हजार गिगा. सन २०१४ च्या जानेवारीत एवढी मोठी डिस्क अनेकांनी पाहिलीही नव्हती.

मी नागपूरला गांधीबागेत आले. तेथे कापडाच्या एका ठोक दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत अंध विद्यार्थ्यांसाठी श्राव्य ग्रंथालय होते. डोळस माणसे पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचत, तो आवाज साठवला जाई आणि ज्यांना दिसत नाही ते विद्यार्थी तो ऐकून अभ्यास करीत. आवाज घुमू नये म्हणून आतल्या खोलीच्या भिंतींवर बाजारातील व्यापाऱ्यांनी दिलेले कापडाचे तुकडे ठोकले होते. एका भिंतीवर टॉवेलचे कापड होते, दुसरीवर पडद्याचे हिरवे कापड होते आणि दारावर लग्नाच्या मंडपाचे लाल कापड होते. खाली हातगाडीवाला ओरडला की वाचन थांबवीत व गाडी गेली की पुन्हा तेच वाक्य पहिल्यापासून वाचीत.

या ग्रंथालयाची देखभाल नत्थूजी पराते नावाचे गृहस्थ करीत. ते मूळचे खाप्याचे. त्यांचे वडील मागावर लुगडी विणत. नत्थूजींची शाळा सातवीत सुटली. त्यांनी प्रथम गांधीबागेत थान, म्हणजे कापडाच्या गुंडाळ्या, उचलण्याचे काम केले व नंतर या ग्रंथालयात झाडलोटीसाठी लागले. झाडलोट झाल्यावर साठवलेले वाचन कानाला यंत्र लावून तपासणे, हेही काम त्यांच्याकडे आले. अशा रीतीने सोळा वर्षांत त्यांनी इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल व मराठीची कितीतरी पुस्तके कानांनी वाचली. बोलत मात्र ते आपल्या घरचीच बोली.

ग्रंथालयातील संगणक फार जुना होता. त्यावर दहा वर्षांपूर्वीचे लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, होते. ते कोणी बदलत नसे, याला कारण होते. तेथील एका अंध शिक्षकांनी तो संगणक असा तयार केला होता की पडद्यावर उमटणारी प्रत्येक ओळ तो मोठ्याने बोलून दाखवी. विद्यार्थ्यांना त्याच्या सर्व कळा बोटांनी पाठ होत्या. ते शिक्षक आता हयात नव्हते. म्हणून संगणकाला हात लावायला सर्वजण भीत.

वाचन साठवलेल्या लहान डिस्का अकरा होत्या. ते सर्व एकत्र माझ्यात ठेवावे आणि रिकाम्या झालेल्या लहान डिस्का नवीन पुस्तके भरून जिल्ह्यांतील वसतिगृहांना पाठवाव्या, असे ठरले. परंतु डिस्क नवीन असली की तिच्यात लगेच काही ठेवता येत नाही. प्रथम तिच्या पोटात खोल्या पाडाव्या लागतात. यालाच पार्टिशन करणे म्हणतात.

हे काम गौरांग पाध्ये यांनी करायचे होते. ते मनीषनगरला राहत, एका कंपनीत संगणकाचे काम करीत व महिन्यातून एकदा ग्रंथालयाला विनामूल्य मदत करीत. त्या दिवशी ते परगावी निघाले होते. ते विमानतळावर असताना नत्थूजींनी त्यांना फोन लावला.

"गौरांगभाऊ, डिस्क आली. बसवली. आता वाटण्या कशा पाडू?"

"काका, तुमचं लिनक्स फार जुनं आहे. मी आल्यावर केलं असतं, पण तुम्हाला घाई असेल तर करा. तुम्ही पाहिलंय मला करताना. फक्त एक लक्षात ठेवा, पार्टिशन दोनच्या आत ठेवा. दोनच्या वर जायचं नाही."

"दोनच्या आत. समजलं."

"नक्की ना? चला, माझा नंबर आला तपासणीला, ठेवतो."

मित्रांनो, हे संभाषण आपण पुन्हा एकदा वाचावे. गौरांग यांच्या मनात होते की प्रत्येक खोली दोन टेराच्या आत ठेवावी, कारण जुन्या पद्धतीला त्याहून मोठी खोली झेपत नाही. नत्थूजींना समजले की खोल्यांची संख्या दोनच्या आत ठेवावी. दोघेही सरळ मनाने बोलले होते.

त्या वेळी पार्वतीबाई रामटेके तेथे होत्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि इतिहास व राज्यशास्त्र वाचण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या ज्येष्ठमध चघळत पाहत होत्या.

"मग किती हिस्से करून राहिला, नत्थू?"

"बाई, दोनच्या आत म्हनजे एकबी चालते. उगीच मधात भिंत काहाले पाहिजे? एकच मोठा हॉल करतो. पुस्तकं मोकळी राहतीन."

"कर बापा. पण सकाळपासून तीन टेरा, तीन टेरा करून राहिला, त्याचे तीन तेरा नको होऊ देऊ गा."

"बाई, तुमी ना, कामाच्या टायमाले असंच बोलता!"

अशा रीतीने माझ्या पोटात तीन टेराची एकच खोली झाली.

आता माझ्या आत काय घडले ते सांगते. माझ्या तबकड्यांवर लिहिण्याची कोट्यवधी बारीक घरे असतात आणि त्यांतील अगदी पहिल्या घरात एक नोंद असते. खोली कोठून सुरू होते आणि किती लांब आहे, हे तीत लिहितात. जुन्या पद्धतीच्या नोंदीत आकडा लिहायला जागा ठरावीक असते. आपल्या घरच्या विजेच्या मीटरमध्ये पाचच घरे असली तर नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवच्या पुढे तो पुन्हा शून्यावर येतो, तसेच येथे झाले. तीन हजार गिगाचा आकडा त्या जागेत मावला नाही. त्यातील दोन हजार एकशे नव्याण्णव गळून पडले आणि नोंदीत उरले आठशे एक. परंतु संगणक चालू होता तोपर्यंत खरा आकडा त्याच्या डोक्यात होता. म्हणून कोणालाही काही दिसले नाही. मला चूक कळत होती. डिस्कला वाचा नसते.

अकरा दिवस भरणे चालले. एका दिवशी एक डिस्क. नत्थूजींनी संगणकावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी लावली होती. लहान डिस्का पुसल्या गेल्या, नवीन पुस्तके घेऊन एसटीने रवाना झाल्या. मी भरत गेले. बाराव्या दिवशी वीज दुरुस्त करणारा माणूस आला, म्हणून संगणक पहिल्यांदा बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदिनी गजभिये आली. ती बारावीत होती. जन्मापासून तिला दिसत नव्हते. तिचे वडील याच बाजारात हमाली करीत, म्हणून लहानपणापासून ती कापडाच्या गाठींमध्ये खेळलेली होती. तिची परीक्षा अठरा दिवसांवर आली होती. राज्यशास्त्र आणि इतिहास हे दोन विषय तिने शेवटच्या उजळणीसाठी राखून ठेवले होते. त्यांची ब्रेलमधील पुस्तके नागपुरात कोठेही मिळाली नव्हती. जे होते ते माझ्यातच होते, पार्वतीबाईंच्या आवाजात.

नत्थूजींनी संगणक सुरू केला. तो इंग्रजीत एका सुरात बोलू लागला. त्याच्या बोलण्याचा अर्थ असा होता. आतील संग्रहाची लांबी तीन हजार, खोलीची लांबी आठशे एक, दोहोंपैकी एक चूक आहे, तपासून दुरुस्त करू काय, हो किंवा नाही.

नत्थूजींनी ग्रंथांची यादी उघडून पाहिली. यादी उघडली नाही. त्यांनी पुन्हा पाहिली.

"काय म्हनते ते?" पार्वतीबाईंनी विचारले.

"बाई... आठशे एक म्हनून राहिलं. बाकीचं काही सांगूनच नाही राहिलं."

"आठशे एक काय?"

"माहीत नाही."

"दुरुस्त करतो म्हनते ना? मग करू दे की! विचारते तं हो म्हन."

नत्थूजींचे बोट कळेवर गेले. तोच नंदिनी बोलली.

"काका, हात उचला."

"काहून वं?"

"आधी उचला, मंग सांगतो. उचलला?"

"उचलला."

"आता ते पुन्हा बोलू द्या."

संगणक पुन्हा बोलला. नंदिनीने मान एका बाजूला कलवून सर्व ऐकले. मग ती म्हणाली, "काका, दहा मीटरच्या थानात तीस मीटर कापड राहते का?"

"कसं राहीन?"

"मंग आठशेच्या खोलीत तीन हजार भरले कसे तुमी? अकरा दिवस भरून राहिले होते ना? भरताना तं जागा होती. म्हनजे थान पुरं हाये. त्याच्यावरची चिठ्ठी चुकली. हे मशीन चिठ्ठी खरी समजून राहिलं अन् उरलेलं कापड कापतो म्हनते. कापू देता का?"

"पण ते तं दुरुस्त म्हनून राहिलं..."

"त्याची दुरुस्ती म्हनजे कैचीच हाये, काका."

नत्थूजींनी संगणकाला 'नाही' असे उत्तर दिले, तो बंद केला आणि कळांच्या पट्टीवर कापडाची चिंधी बांधून टाकली, जेणेकरून चुकूनही कोणाचा हात लागू नये. नंतर त्यांनी गौरांग यांना फोन केला. ते दोन दिवसांनी परत येणार होते.

ते दोन दिवस नत्थूजी घरून आणलेला डबा तसाच परत नेत. झाडलोट करीत, पाणी भरीत आणि माझ्याजवळ येऊन बसत. मी बंद होते, थंड होते. त्यांनी मला एकदा हात लावून पाहिला. पार्वतीबाईंनी मात्र वेळ दवडला नाही. छापील पुस्तक घेऊन त्या नंदिनीसमोर बसल्या आणि दिवसाचे पाच तास वाचू लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा आवाज पूर्ण बसला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. नंदिनीने हात पुढे करून पुस्तक मिटले.

"राहू द्या, आजी. जेवढं झालं तेवढं झालं."

गौरांग विमानतळावरून थेट गांधीबागेत आले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि डोक्याला हात लावला.

"काका, मी दोन टेरा म्हटलं होतं."

"टेरा तुमी म्हटलंच नाही. नुसतं दोन म्हटलं."

"अहो, डिस्कबद्दल बोलतोय, तर टेराच ना!"

"तुमच्यासाठी असन. मले वाटणीत हिस्सेच मोजता येते. खाप्याचं घर आमच्या भावाभावांत वाटलं तेव्हा कोनी फूट नाही मोजले, हिस्से मोजले. मले काय माहीत?"

"मग विचारायचं होतं!"

"विचारलं असतं, तुमी ठेवला ना फोन!"

पार्वतीबाईंनी टेबलावर हात आपटला. त्यांचा आवाज फाटका येत होता. "भांडा! दोघं मिळून भांडा! ते पोरगी तिकडं बसून हाये. अठराचे सोळा दिवस राहिले तिचे."

गौरांग यांनी शेजारची खुर्ची ओढली. नंतर म्हणाले, "चूक माझीही आहे, काका. या, बसा माझ्याजवळ."

त्यांनी सोबत नवीन लिनक्स भरलेली एक लहान कांडी, म्हणजे पेन ड्राइव्ह, आणली होती. तिच्यावरून संगणक सुरू केला. प्रथम माझी जुनी नोंद कागदावर जशीच्या तशी उतरवून घेतली, म्हणजे काही बिघडले तर ती परत लिहिता येईल. मग त्यांनी समजावून सांगितले. नवीन पद्धतीच्या नोंदीत फार मोठा आकडा मावतो आणि ती ग्रंथालयातील जुन्या लिनक्सलाही वाचता येते. ती नोंद माझ्या आरंभी चौतीस घरे घेते आणि तिची एक प्रत माझ्या अगदी शेवटी राहते. जुन्या पद्धतीत आरंभी त्रेसष्ट घरे मोकळी सोडण्याचा रिवाज होता. म्हणून नवीन नोंदीला जागा होती. शेवटीही थोडी जागा उरली होती. आता खोली पूर्वी जेथून सुरू होत होती, बरोबर तेथूनच सुरू होते असे लिहायचे. एक घर इकडेतिकडे झाले तर आतील काही वाचता येणार नाही.

गौरांग यांनी आरंभाच्या जागी त्रेसष्ट हा आकडा लिहिला. त्यांचे बोट पुढच्या कळेवर जाणार, तोच नत्थूजींनी विचारले, "त्रेसष्ट काय?"

"अं?"

"त्रेसष्ट काय, भाऊ? घरं का गिगा का अजून काही? तुमी नुसतं त्रेसष्ट लिहून राहिले."

गौरांग यांचा हात थांबला. त्यांनी पडद्याकडे पाहिले. नोंद लिहिणारा तो प्रोग्राम नुसता आकडा दिला तर त्याचा अर्थ घरे असा घेत नाही, त्रेसष्ट मेगाबाइट, म्हणजे लाखाहून अधिक घरे, असा घेतो. घरे म्हणायचे असतील तर आकड्यापुढे एक अक्षर जोडावे लागते. ते जोडायचे राहून गेले होते.

"काका," ते हळूच म्हणाले, "मी आत्ता तेच करत होतो."

"काय?"

"जे फोनवर केलं होतं."

त्यांनी अक्षर जोडले. नत्थूजींनी ते मोठ्याने वाचून घेतले. "त्रेसष्ट घरं सोडून." मग शेवटचा आकडा लिहिला. तोही नत्थूजींनी मापासह वाचला. खोली पूर्ण तीन टेराची झाली. कांडी काढून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा त्याने या वेळी काहीही विचारले नाही. ग्रंथांची नावे तो एकामागून एक बोलू लागला.

"राज्यशास्त्र लावा," नंदिनी म्हणाली.

पार्वतीबाईंचा जुना, न बसलेला आवाज खोलीत आला. प्रकरण पाचवे. पार्वतीबाईंनी तो ऐकून आपल्या गळ्याला हात लावला. नत्थूजी उठून बाहेरच्या खोलीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिले.

नंदिनी परीक्षेला बसली. राज्यशास्त्रात तिला बहात्तर गुण मिळाले, इतिहासात चौसष्ट. पुढे ती पदवीधर झाली. माझीही पुष्कळ वर्षे चांगली गेली. ग्रंथालयात येणारे पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून विचारीत, एवढ्याशा पेटीत एवढी पुस्तके कशी राहतात. तेव्हा मला बरे वाटे. मग काळ बदलला. नवीन संगणक आला, माझ्याहून लहान आणि माझ्याहून मोठ्या पोटाच्या डिस्का आल्या. माझ्यातील सर्व वाचन त्यांच्यात गेले. मला जुन्या टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून खणात ठेवले आहे. माझ्या तबकड्या आता फिरत नाहीत. कधी ओलावा येतो, कधी मुंग्या फिरून जातात. मी तक्रार करीत नाही. ज्याचे काम झाले त्याने बाजूला बसावे, हे मला मान्य आहे.

परंतु मित्रांनो, आपणांस काही सांगणे आहे. आपल्या घरातील जुन्या डिस्कांची आठवण ठेवा. त्यांत काय आहे ते वर लिहून ठेवा आणि महत्त्वाची वस्तू कधी एकाच ठिकाणी ठेवू नका. जो प्रश्न समजला नाही त्याला 'हो' म्हणू नका, तो कितीही गोड शब्दात विचारलेला असो. आणि आकडा सांगाल तेव्हा त्याच्यासोबत त्याचे माप सांगा. आमच्या ग्रंथालयात आजही कोणी नुसता आकडा बोलत नाही. चहावाल्यालाही "दोन" म्हणून चालत नाही, "दोन कप" म्हणावे लागते, आणि तो हसतो. गौरांग फोन करतात तेव्हा सांगतात, "दोन तासांत येतो. तास हं, काका."

येथे माझा वृत्तांत संपतो.

वाचकहो, डिस्कला लेखणी धरता येत नाही. म्हणून तिच्या वतीने हे सर्व मी लिहिले. ज्याच्या हातून ती चूक घडली तो मनुष्य मीच. आपली चूक आपल्या तोंडाने सांगणे मला बारा वर्षे जमले नाही, तिच्या तोंडून सांगणे जमले. नंदिनीबाईंनी हे लिखाण ऐकून त्यातील अशुद्ध शब्द काढले. त्यांचा मी ऋणी आहे. "दोन काय?" एवढे दोन शब्द विचारायचे राहिले, म्हणून इतके लिहावे लागले. आपण ते शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
नत्थूजी पराते
मूळ गाव खापा, हल्ली मुक्काम गांधीबाग, नागपूर